निसारच्या टॅक्सीतला मत्सरी आरसा

मित्रांनो, मी एका टॅक्सीतला जुना आरसा आहे. समोरच्या काचेच्या वर, मधोमध लटकलेला, मागचा रस्ता दाखवणारा. माझ्या एका कोपऱ्यातला चकचकीत थर उडाला आहे आणि मान थोडी सैल झाली आहे. माझी गोष्ट ऐकण्याआधी एक कबुली ऐका. मी स्वभावाने फार मत्सरी आहे. माझ्या माणसाने दुसऱ्या कुणाकडे पाहिले की माझ्या पोटात दुखते. अगदी सुरुवातीला मला पावसाळ्यात वायपरचासुद्धा हेवा वाटायचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते कोल्हापुरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात, खिळ्याला टांगलेल्या अवस्थेत. तिथे हॉर्नांचा वेगळाच तोरा होता. गिऱ्हाईक आले की त्यांना वाजवून बघायचे आणि मी आपला मुकाट्याने पाहत राहायचो. एके दिवशी उचगावचा निसार मुजावर आला. त्याने मला खाली काढले, शर्टाच्या बाहीने पुसले आणि माझ्यात बघून स्वतःचा भांग नीट केला. तेवढ्यावर मी त्याचा झालो.

पहिली सहा-सात वर्षे फार सुखाची गेली. निसारची गाडी पांढरी, नंबराची पाटी पिवळी आणि स्टिअरिंगवरचा हात अगदी सफाईदार. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना तो पन्हाळा दाखवून आणायचा, राधानगरीच्या धुक्यातून गाडी सुखरूप बाहेर काढायचा. गाडी सुरू करण्याआधी बोटाने माझी मान हलवून मला नीट बसवायचा आणि वाटेत शंभर वेळा माझ्याकडे बघायचा. एकदा एका रिटायर मास्तरांनी उतरताना सांगितले होते, "ह्यो ड्रायव्हर आरसा वापरतोय बघा. न्हायतर लोक निस्ते भांग पाडायला ठेवत्यात." त्या कौतुकावर मी महिनाभर फुगून बसलो होतो.

मग तो आला. मोबाईल. निसारने माझ्या बरोबर खाली एक स्टँड चिकटवले आणि त्याला तिथे बसवले. म्हणे, रस्ता दाखवायला! मित्रांनो, ज्या माणसाला शिरोळपासून राधानगरीपर्यंत रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ आहे, त्याला रस्ता कुणी दाखवायचा? पण त्या पोराकडे उजेड होता, आवाज होता, गाणी होती. माझ्याकडे काय होते? मागून येणारे ट्रक. हळूहळू निसारची नजर वर येईनाशी झाली. माझ्यावर धूळ बसली तरी त्याला कळेना. मोबाईलच्या काचेवर मात्र खास कव्हर, खास पुसायचे फडके. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

सगळ्यात जास्त राग मला एका चेहऱ्याचा यायचा. तो दर अर्ध्या तासाने मोबाईलवर उमटायचा. निसारची बायको अफसाना. "कुठवर आला?" "जेवला का?" "पाऊस हाय का तिकडं?" ती विचारायची आणि निसार हसून तिच्याशी बोलत बसायचा, गाडी धावत असताना. तो चेहरा माझ्यात कधीच यायचा नाही. मला वाटायचे, कुणाला तरी हे दिसू दे, कुणीतरी तक्रार करू दे आणि त्या मोबाईलची एकदाची हकालपट्टी होऊ दे.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत शिरोळच्या शांतव्वा आजी होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नात दानेश्वरीला घेऊन त्या कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात यायच्या. मागच्या सीटवर मधोमध बसायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "निसार गाडी अशी चालवतोय की पोटातलं पाणी हालत न्हाय." मी वर लटकून जळत असायचो. आजी, तुम्हांला दिसत असते तर! निसार त्या वेळी मोबाईलवर कुस्तीचे व्हिडिओ बघत असायचा. दानेश्वरीची मान तिच्या पुस्तकात असायची.

शेवटी आजींचे ऑपरेशन झाले. आठ दिवसांनी तपासणीसाठी आम्ही पुन्हा निघालो. काळा चष्मा लावून आजी लहान मुलासारख्या बाहेर बघत होत्या. "दाने, उसाला तुरं आल्यात की गं!" मग बाहेर बघून झाल्यावर त्यांनी समोर बघितले. माझ्यात बघितले. आरशाचा धर्म तुम्हांला माहीत असेल, मी ड्रायव्हरला मागचा माणूस दाखवतो तसा मागच्या माणसाला ड्रायव्हरही दाखवतो. आजींना माझ्यात निसारचे डोळे दिसले. ते खाली मोबाईलवर होते, कानात वायर होती आणि ओठ हळूच हलत होते. आणि समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्यातच उभा होता.

आजी जिवाच्या आकांताने ओरडल्या. निसारने ब्रेक दाबला. गाडी फरफटत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. उसाची पाने आमच्या काचेला लागली. दानेश्वरीचे कपाळ पुढच्या सीटवर आपटून टेंगूळ आले. मित्रांनो, लाज वाटते, पण खरे सांगतो. भीती वाटायच्या आधी मला आनंद झाला. वाटले, आता सापडला हा मोबाईल.

"काय न्हाय आज्जी, काय न्हाय," निसार म्हणाला. "ट्रॅक्टरवाल्यानं मधीच..."

"ट्रॅक्टरवाल्याचं नाव घिऊ नगंस. आरशात मला तुझं डोळं दिसालते. एकदाबी वर बघितलं न्हाईस तू."

दानेश्वरीने एका हाताने कपाळ दाबले आणि दुसऱ्या हाताने भराभर तिच्या फोनवर लिहायला घेतले. गाडीचा नंबर, जागा, वेळ. "अव्वा, समदं लिवलंय. आरटीओला पाठवू?" तिने आजींना विचारले.

"लायसन्स जाईल की, ताई," निसार म्हणाला. "माझं घर हाय ह्या गाडीवर."

"आनि आमचा जीव बी हुता ह्याच गाडीत," आजी म्हणाल्या. "दाने, थांब जरा. आमच्यात पोराची तक्रार आधी त्याच्या घरात सांगत्यात, मग भाईर. निसार, दवाखाना ऱ्हाऊ दे. तुझ्या घराकडं घे गाडी, आनि तो फोन हिकडं दे."

मोबाईल आजींच्या पिशवीत गेला. उचगावपर्यंत तो पिशवीतून सारखा वाजत राहिला. कुणीही उचलला नाही. मी मनातल्या मनात नाचत होतो.

निसारने गाडी घरासमोर उभी केली, दाराकडे पाठ करून. त्यामुळे मागच्या काचेतून मला सगळे दिसत होते. अफसाना दारातच उभी होती, हातात फोन.

"अवं, सात फोन केलं! उचलत का न्हाईसा?" मग तिला आजी दिसल्या.

आजींनी पिशवीतून मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "ह्येच्यात बघत हुता तुझा नवरा. उसाच्या ट्रॉलीत घालत हुता आमाला. हे पोरीचं कपाळ बघ."

अफसानाने दानेश्वरीचे कपाळ बघितले आणि तिचा रंग उडाला. "कवा झालं? अर्ध्या तासामागं? माझ्याशीच बोलत हुते की! कोण तरी वराडलेलं ऐकू आलं आनि फोन बंद. म्हणून तर मी सारखी लावालते." ती उंबऱ्यावर खाली बसली. "म्हणजे मीच बोलत हुते तवा. काळजी वाटते म्हणून करते वो आज्जी. नीट पोचावं म्हणून."

आजी पुढे झाल्या. त्या अफसानाच्या शेजारी उंबऱ्यावर टेकल्या. दानेश्वरीने फोन खाली केला. निसार मान खाली घालून उभा होता. त्याला वाटले असावे की आता पाणी पिऊन हे सगळे मिटेल. मलाही तसेच वाटले.

मग अफसाना उठली. "ताई, पाठव तू ते."

"अफसाना!" निसार म्हणाला.

"पाठव. न्हायतर चार दिस हे ऐकतील आनि पाचव्या दिवशी मीच परत फोन लावीन. आनि खाली लिव, घरातल्यांनी वाचलं, खरं हाय म्हनालं."

तक्रार गेली. अफसाना ओढणीने डोळे पुसत होती आणि तो चेहरा, ज्याचा मी इतकी वर्षे दुस्वास केला, पहिल्यांदाच माझ्यात उमटला होता. तिच्यावर रागवायचे माझ्याकडे काही उरले नाही.

निसारचे लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झाले. गाडीवर कापड पडले आणि मी अंधारात लटकून राहिलो. घरातून शिलाई मशीनचा आवाज यायचा. अफसाना साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. निसार कधी कापड उचलून आत येऊन बसायचा, नुसता स्टिअरिंगला हात लावून. माझ्याकडे बघायचाच नाही. तेव्हा मला कळले, मोबाईलच्या बदनामीत मला वाटला तितका गोडवा नव्हता.

तीन महिन्यांनी कापड निघाले. निसारने मला ओल्या फडक्याने पुसले, मान हलवून नीट बसवले आणि मोबाईल पिशवीत घालून डिकीत टाकला. डिकीत! मित्रांनो, मी जिंकलो होतो. त्या दिवशी शांतव्वा आजींची तब्येत विचारायला दोघे नवरा-बायको शिरोळला निघाले. पुढे बॅग होती म्हणून अफसाना मागे बसली, मधोमध.

गाडी रस्त्याला लागली आणि निसारने माझ्याकडे बघितले. मी शहारलो. तो बघतच राहिला. मग मला कळले, तो तिच्याकडे बघत होता. ती माझ्यात हसत होती. क्षणभर पुन्हा पोटात दुखले, पण मी म्हटले, असू दे, बघतोय तर माझ्यातच. असाच बघत राहा निसार, कुठेच बघू नकोस.

"माझ्याकडं काय बघालाय? फुडं बघा की!" अफसाना ओरडली.

ब्रेक लागला. एक म्हातारा दुधाचे कॅन लावलेली सायकल ढकलत रस्ता ओलांडत होता. त्याने आमच्याकडे बघून हात जोडले आणि तो पुढे गेला.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली. मोबाईलने जे केले तेच मी करत होतो, फक्त माझ्याकडे उजेड नव्हता. म्हणून तुम्हांला विनवतो, गाडी चालवणारा रस्ता सोडून दुसरीकडे बघत असेल, तर तुम्ही मागे गप्प बसू नका. त्याला सांगा, त्याच्या घरी सांगा, जिथे तक्रार करायची तिथे करा. तो तुमचा लाडका असला तर आधी करा. आणि तुम्ही मोठे होऊन स्टिअरिंगवर बसाल तेव्हा माझ्याकडे पापणी लवेपर्यंतच बघा. माझ्यासारख्या मत्सरी आरशाला हे सांगणे फार जड जाते.

निसार आता माझ्याकडे क्षणभर बघतो आणि लगेच समोर वळतो. दर वेळी मला थोडे वाईट वाटते. आणि दर संध्याकाळी अफसाना दारातून विचारते, "आला का?", तेव्हा तो आलेला असतो.