एकच कुमंजाई

“एकाच बाईचं रक्त तीनदा आलंय, असं वाटलं त्यांना, मावशी,” शहरातल्या प्रयोगशाळेतून आलेली ब्रॉन्विन खालच्या आवाजात म्हणाली. “खरी कुठली ते कळेना, म्हणून तिन्ही नळ्या बाद केल्या.”

नुंगराईने तीन वर्षांपूर्वी, रक्त दिलं तेव्हा, स्वतःच लिहिलेली दवाखान्याची यादी पुढे ओढली. तिन्ही ओळींत तेच होतं: कुमंजाई नुंगराई, जन्म एक जुलै.

“तारीखसुद्धा एकच होती ना,” ब्रॉन्विन म्हणाली.

“ती मिशनवाल्यांनी दिलेली. आमच्या आयांना कुठला जुलै ठाऊक?”

नुंगराई हे तिघींचं कूळ; मूळ नावही मिशनचंच. पाद्र्याने चार मुलींना आपल्या बायकोचं नाव ठेवलं होतं. रक्त घेण्याच्या आदल्या आठवड्यात चौघींतली एक गेली आणि ते नाव वस्तीतून उठलं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं नाही. त्या नावाच्या जिवंत बायकाही मग नुसत्या कुमंजाई, म्हणजे बिननावाच्या. नुंगराईने रीत पाळली होती.

दारात शानिका भिंत धरून उभी होती. वय नऊ. मागच्या हिवाळ्यापर्यंत ती धावायची. तिच्या जनुकांत एक अक्षर वेगळं निघालं होतं, पण दुखणं त्याचंच का, हे डॉक्टरांना सांगता येईना. निरोगी माणसांच्या जनुकांच्या ज्या नकाशाशी ते ताडून पाहायचं, त्यात त्या नळ्या बाद झाल्याने या वस्तीचं एकही माणूस नव्हतं. धडधाकट म्हाताऱ्यांत ते अक्षर सापडलं, तर ते निर्दोष. कोणातच नाही सापडलं, तर औषध सुरू करता येणार होतं.

“आजी, माझा कागद आला?”

“नाही गं. त्यांना आम्ही तिघी एकच दिसलो.”

“पण तू तर सगळ्यांत जाडी!”

“ऐकलंस?” नुंगराई ब्रॉन्विनला म्हणाली. “हिला कळतं.”

ब्रॉन्विनने टेबलावर तीन रिकाम्या नळ्या मांडल्या. “पुन्हा घेऊ या, मावशी. त्या दोघींना बोलवाल? निदान हिच्या सख्ख्या आजीला तरी?”

शानिकाने मान खाली घातली. नुंगराईने बाही वर सारली.

“एकीवरून कळेल?”

ब्रॉन्विनला उशिरा उमगलं. “नाही, मावशी,” ती म्हणाली. “एकीवरून काहीच ठरत नाही.”

“तरी घे. नाव तेच लिही. आता मी एकटीच उरलेय, चूक व्हायची नाही तुमची.”

सुई शिरेत असतानाच मोकळ्या हाताने तिने उरलेल्या दोन नळ्या उचलल्या, एकेक करून डब्यात ठेवल्या आणि झाकण लावलं.