आत्याच्या वळणावर

शिडीचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. उंचीवरून पडलेलं हे नाव आत्यानंच ठेवलं होतं, आणि ठेवताना तिची मान ताठ झाली होती, कारण उंची तिच्याकडची. नाकही तिच्याकडचं. पाढे चटकन पाठ झाले, तेही तिच्याकडचे. ‘पोरगी माझ्या वळणावर गेलीय’ हे वाक्य आत्या पाहुण्यांच्या हाती पाणी पडण्याआधीच ऐकवायची. शिडीची आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. लेकीचा एकच गुण तिच्या वाट्याला आला होता: सारखी होणारी सर्दी.

चाळिशीच्या आतच शिडीच्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा आत्यानं नव्यानं वाटणी केली. हे मात्र आईकडचं असणार, आमच्यात कुणाला नाही बाई असलं काही.

आईनं सर्दी घेतली होती तसंच हेही मुकाट्यानं पदरात घेतलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, शिडीचे गेलेले केस परत आले, पण आईची गेलेली भूक काही परत येईना. ताटावर बसली की ती लेकीकडे बघायची आणि घास हातातच राहायचा. शिडीला स्वतःच्या दुखण्यापेक्षा हे बघणं जड जाई. दवाखान्यात दर भेटीला तिला जगण्याच्या दर्जाबद्दल प्रश्न विचारत. झोप लागते का, भूक लागते का, थकवा येतो का, काळजी वाटते का. एकदा तिनं नर्सला विचारलं, की समोर अपराध्यासारखी बसलेली आई यातल्या कुठल्या प्रश्नात बसते? नर्सनं बराच विचार केला आणि ‘भूक’ सांगितलं.

पुढे रक्ताच्या तपासणीत शिडीच्या एका जनुकात दोष सापडला. हा आजार घराण्यातून आला असणार, म्हणून समुपदेशक बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं. आत्याला बोलावलं नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

बाईंनी कागदावर सगळं घराणं काढायला घेतलं. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आईकडचे गोल पटापट झाले. आजी पिकल्या पानासारखी गळली होती, मावश्या अजून खडखडीत होत्या. आत्याचा हिरमोड झाला. नीट विचारलंत ना, असं तिनं बाईंनाच दोनदा विचारलं. बाई बाबांच्या बाजूला वळल्या, तेव्हा ती म्हणाली, इकडे कशाला वेळ घालवता? बायकांचं दुखणं बापाकडून कसं येईल?

बाई चिडल्या नाहीत. पोराला हातचा समजवावा तसं त्यांनी सांगितलं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मूल झालं की त्यातली एकच त्याच्याकडे जाते. बाप ठणठणीत असला तरी त्याच्याकडची बिघडलेली प्रत लेकीकडे जाऊ शकते.

“कुठली प्रत द्यायची, ते कुणाच्याच हातात नसतं,” त्या म्हणाल्या. मग आत्याला विचारलं, “तुमची आई कशानं गेली?”

“पोटाच्या दुखण्यानं. पोट वाढलं होतं. जेवण जाईना, पण पोट मात्र...” आत्या थांबली. “आम्ही म्हणायचो, आई आता अंग धरायला लागली. सुखाचं अंग आहे म्हणायचो.”

याच दोषानं अंडाशयातही गाठ होते आणि पोट फुगतं, असं सांगून बाईंनी त्या गोलात हलकंसं प्रश्नचिन्ह काढलं आणि बाबांचं रक्त तपासायला सांगितलं.

दोष बाबांकडूनच आला होता. त्या दिवशी सगळे जेवायला बसले. बाबांनीच विचारलं, “म्हणजे आता जेवण मी सोडायचं का?” आई कितीतरी दिवसांनी हसली. त्यांना वाढता वाढता तिनं स्वतःच्या ताटातही वाढून घेतलं.

आत्या मात्र यायची बंद झाली. भावाकडे दोष आहे, तर बहिणीकडेही असू शकतो, त्यांनी तपासून घ्यावं, असा बाईंचा निरोप गेला होता. तेव्हापासून ती फोनही उचलेना. शेवटी शिडीच तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

“उंची तुझी, नाक तुझं, पाढे तुझे. मग हे तुझ्याकडे आहे का, ते बघायला काय हरकत आहे?”

“जीभ तेवढी माझी नाही तुझी.”

“ती आईची.”

“तुझ्या आईला जीभ आहे?”

“आहे. तू बोलत असतेस, म्हणून दिसत नाही.”

आत्या आली. सुई टोचताना तिनं जवळ सापडला तो हात घट्ट धरला. तो आईचा निघाला. दोघींपैकी कुणी सोडवून घेतला नाही. रिपोर्ट ऐकायलाही दोघी शेजारी शेजारीच बसल्या.

आत्याच्या रक्तात दोष नव्हता. भावाला एक प्रत मिळाली होती, बहिणीला दुसरी. बाईंनी हसून सांगितलं, की आता काळजी नको. आत्या मात्र रिपोर्टकडे बघत राहिली.

“म्हणजे ही माझ्यावर नाहीच गेली?”

उत्तर आईनं दिलं.

“वन्सं, नाक तुमचंच आहे हो. ते कुठं जातंय?”

आत्यानं रुमाल काढून तेच नाक जोरात शिंकरलं. डोळे पुसत म्हणाली, “सर्दी झालीय मला.”

“ती आमच्याकडची,” आई म्हणाली.