पिवळी पडलेली लेन्स

लेक शिंपेइला जाऊन वर्ष व्हायच्या आत कियोएच्या सुनेने, मिहोने, त्याचा कॅमेरा लेन्ससकट विकून टाकला. म्हणाली, बघवत नव्हतं. कियोएला कॅमेऱ्याचं काही नव्हतं, नवऱ्याचा तसलाच एक घरात पडून होता. तिला लेकाची लेन्स हवी होती. पन्नास वर्षांची, हाताने कडं फिरवून चेहरा स्पष्ट करायची, आणि काच आतून चहाच्या पाण्यासारखी पिवळी पडलेली. त्याच लेन्समधून तो दर शरदात सायाचा, आपल्या लेकीचा, फोटो काढायचा, वाळत टांगलेल्या पर्सिमॉन फळांच्या माळांखाली. असे सहा फोटो भिंतीवर होते, सहाही उन्हं कलताना काढल्यासारखे. सातवा आजी काढणार होती, त्याच रंगात. लेकाची रांग तिला एवढ्यात तुटू द्यायची नव्हती.

मात्सुमोतो शहरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या चौथ्या दुकानात, मोडक्या मालाच्या खोक्यात ती सापडली. कड्यावर शिंपेइने सुईने ओरखडलेलं नाव होतं.

"काच पिवळी आहे, आजी," दुकानदार कुरोकी ओशाळून म्हणाला.

"दात माझेही पिवळेच आहेत. द्या."

"कडं जड फिरतंय. तेवढं तेल घालून देतो. शनिवारी या."

शनिवारी त्याने दोन्ही हातांनी लेन्स पुढे केली आणि वाकला. "चार दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली. पिवळेपणा पार गेला बघा. त्याचे पैसे नकोत. तुम्ही एवढ्या लांबून आलात."

कियोएने लेन्स खिडकीशी धरली. काच पाण्यासारखी नितळ होती. जिच्या तोंडाला अख्खी आळी घाबरायची, तिने हळूच विचारलं.

"परत पिवळी व्हायला किती दिवस?"

"काळजीच सोडा. तीस-चाळीस वर्षं तरी नाही."

माणूस इतका खुलला होता की त्याला काय बोलणार. "काम चोख केलंत," एवढं म्हणून ती निघाली.

रविवारी साया माळांखाली उभी राहिली. "बाबा कडं फिरवताना जीभ बाहेर काढायचे."

"माझी आत आहे तेच बरं. हलू नको."

कडं लोण्यासारखं फिरलं. पोरीची पापणी न् पापणी दिसली.

फोटो धुऊन आला. आभाळ निळं, स्वेटर पांढराशुभ्र, कुठल्याही सुखी घरातल्या पोरीचा वाटावा असा. कियोएने तो सहांच्या शेजारी धरून पाहिला आणि खाली घेतला.

"छान आलाय, आई," मिहो म्हणाली. "लावू का रांगेत?"

"नको," कियोए म्हणाली. "समोरच्या भिंतीला लाव."