डोंग्यावरची ट्यूब आणि लदेणीची गाठ

मित्रांनो, माझ्यावर बसून उड्या मारा, माझी काही हरकत नाही. माझ्या अंगावर अकरा ठिगळं आहेत, ती हवी तर मोजा. पण त्याआधी जरा ऐका. ट्रकच्या मागच्या चाकातून निघालेली मी एक जुनी ट्यूब. लोक मला बघून म्हणतात, "बिचारीनं किती सेवा केली!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण ज्या दिवशी खरं काम पडलं, त्या दिवशी मी कामाला आले नाही.

माझी तरुणपणाची वर्षं टायरच्या पोटात गेली. आत काळोख आणि उकाडा. आमचा ट्रक वसमतची हळद वाहायचा. खिळा घुसला की वारंगा फाट्यावर हरिचंदच्या पंक्चरच्या दुकानात मला बाहेर काढायचे, फुगवायचे आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवायचे. बुडबुडे निघाले की हरिचंद ओरडायचा, "सापडला चोर!" तेवढीच काय ती माझी मजा. अकरावं ठिगळ लागलं आणि तो म्हणाला, "आता ही ट्रकच्या कामाची न्हाई." मग मी दुकानाच्या खिळ्यावर लोंबकळत राहिले.

त्र्याण्णव साली तिथं रतनसिंग आला. तो पैनगंगेच्या काठच्या तांड्यावरचा. त्याचे खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. त्या फेरीला ते लदेणी म्हणत. पुढं नदीवर धरण झालं आणि तांड्याच्या दारात पाणी आलं. बाजाराची वाट पाण्याच्या पल्याड गेली. मग रतनसिंगनं एक लाकडी डोंगा करून घेतला आणि माणसांची ने-आण सुरू केली. वल्हं मारायला शिकला, पोहायला मात्र शिकला नाही.

"बायकोनं पिच्छा पुरवला," तो हरिचंदला सांगत होता. "म्हणती, लेकीबाळी बसतात, काही तरंगणारं ठिवल्याबिगर डोंगा हाकू नका."

ती बायको म्हणजे जिवनबाई. तिच्यामुळं मी खिळ्यावरून उतरले. पहिल्यांदा डोंग्यात बसले तेव्हा काय सांगू! डोळे दिपले माझे. वर आभाळ, खाली पाणी आणि अंगाला वारा.

तेव्हा मला कुणी बांधत नसे. पोरं मला लोळवायची, बाया माझ्यावर पिशव्या ठेवायच्या. एके दिवशी वाऱ्याचा झोत आला आणि मी डोंग्यातून उडाले. टुणटुण उड्या मारत पाण्यावरून पार पल्याडच्या बाभळीत जाऊन अडकले. तिथं दगडोबा मेंढरं चारत होता. हा धनगर रतनसिंगचा जुना दोस्त. मला खांद्यावर घेऊन तो उताराच्या जागी आला. तिथं वीसेक माणसं डोंग्याची वाट बघत होती. त्यांच्यापुढंच तो म्हणाला,

"काहो रतनसिंग, तुमची ट्यूब पवायला शिकली. तुमी कवा शिकून राहिले?"

सगळे खो-खो हसले. दगडोबा असाच, जिथं जाईल तिथं हसवणारा. पण रतनसिंगचं तोंड पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंबाडीची दोरी आणली आणि मला डोंग्याच्या मागच्या आडव्या लाकडाला बांधलं. पाय लावून दोरी ओढली, तीन वेढे घातले आणि वर गाठ मारली. ती लदेणीची गाठ होती. गोणी वाटेत सुटून मीठ सांडू नये म्हणून त्याच्या वाडवडिलांनी शोधलेली.

जिवनबाईनं ती सोडून पाहिली. तिची नखं दुखायला लागली. "अहो, ही माझ्यानं सुटत न्हाई," ती म्हणाली. "अन् अंबाडी वली झाली की अजून आवळती. येळ आली तर काय कराचं?"

"सुटू नये म्हणूनच तर मारली," रतनसिंग म्हणाला. "ह्या गाठीतून आमचं चिमूटभर मीठ कधी सांडलं न्हाई."

जिवनबाई बरोबर बोलत होती. आणि मित्रांनो, मी काय केलं ठाऊक आहे? मी मनातल्या मनात तिला हसले. आता पोरं मला लोळवणार नव्हती, वारा मला उडवणार नव्हता. डोंग्यात चढणारा प्रत्येक जण माझ्याकडं बघून म्हणायचा, "ट्यूब हाय, मंग भ्या न्हाई." मी फुशारून गेले. गाठ रतनसिंगनं मारली, पण ती मला आवडली. तीन वर्षं मी तशीच मिरवत होते. जिवनबाईनंतर एकाही माणसानं मला सोडून पाहिलं नाही.

शहाण्णव सालचा भादवा. धरण काठोकाठ भरलेलं. दुपारी दगडोबा आणि त्याची बायको सिंधूबाई डोंग्यात बसले. सोबत एक दांडगा एडका होता. निघालो तेव्हा पाणी शांत होतं. मधोमध आलो आणि पश्चिमेकडून वारा सुटला. असा वारा मी तिथं पाहिला नव्हता. लाटा डोंग्याच्या काठावरून आत यायला लागल्या. एडका बिथरला, उभा राहिला. त्याला धरायला दगडोबा उठला, तेवढ्यात डोंगा कलला. दगडोबा पाण्यात गेला.

त्याच्या अंगावर घोंगडी होती. ती भिजून जड झाली. तरी त्यानं डोकं वर काढलं. माझ्यापासून चार हातांवर होता तो. त्याचे डोळे माझ्यावर होते.

"ट्यूब टाका!" सिंधूबाई किंचाळली. "भाऊ, ट्यूब टाका!"

रतनसिंग वल्हं टाकून माझ्याकडं धावला. त्यानं गाठीला नखं लावली, मग दात लावले. तीन पावसाळ्यांची भिजलेली अंबाडी लोखंडासारखी झाली होती. सिंधूबाईनं आपलेही हात घातले. "कापा, कापा!" ती म्हणाली. पण डोंग्यावर धार असलेली एकच वस्तू आली होती, ती म्हणजे दगडोबाची कोयती, आणि ती त्याच्या कमरेला होती. रतनसिंगनं वल्हं पुढं केलं. दगडोबाचा हात त्याला लागला आणि निसटला. वारा डोंग्याला लांब लोटत होता. चार हातांचे दहा झाले, दहाचे वीस.

मी पूर्ण फुगलेली होते. दोन माणसांना तोलून धरेन एवढी हवा माझ्यात होती. आणि मी जागची हलले नाही. मेले मी, मित्रांनो, त्या दिवशी. तेव्हापासून नुसती हवा भरलेली आहे.

दगडोबा दुसऱ्या दिवशी सापडला. रतनसिंगनं डोंगा काठावर ओढला आणि तो तिकडं फिरकलाच नाही.

तेरावा झाला आणि दोन दिवसांनी सिंधूबाई उतारावर आली. तिनं माणूस पाठवून रतनसिंगला बोलावून घेतलं. तो आला, पण मान वर करेना.

"भाऊ, आमची मेंढरं पल्याड हायत," ती म्हणाली. "मला जावंच लागतं. दुसरी वाट न्हाई."

"वैनी, माझ्या डोंग्यात कशाला बसता? माझं तोंडबी बघू नका."

सिंधूबाईनं पदराखालून कोयती काढली. दगडोबाचीच. माझ्याकडं बोट करून ती म्हणाली, "कापा."

रतनसिंगनं कोयती घेतली. एका घावात दोरी तुटली, आणि तीन वर्षांनी मी मोकळी झाले. इतकं सोपं होतं ते! मला रडू फुटलं असतं, पण ट्यूबला रडता येत नाही.

"आता बांधा," ती म्हणाली. "वाऱ्यानं जाणार न्हाई अशी. अन् मला सोडता येईल अशी."

रतनसिंग खाली वाकला. मग त्यानं तीच दोरी घेऊन एक वेगळी गाठ मारली. दोरीचा एक पदर दुमडून आत खोचला आणि टोक लोंबतं ठेवलं. सिंधूबाईनं मला दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं. मी हलले नाही. मग तिनं लोंबतं टोक ओढलं. एका ओढीत मी सुटले.

"परत बांधा."

त्यानं बांधली. तिनं ओढली. असं तीनदा झालं. मग तिनं विचारलं, "ही गाठ नवी शिकले का?"

रतनसिंग म्हणाला, "न्हाई वैनी. पहिल्यापासून येती. गोठ्यात बैलं अशीच बांधतो आमी. आग लागली तर एका ओढीत सुटावी म्हणून."

सिंधूबाईनं मला चौथ्यांदा बांधायला लावलं, माझ्याशेजारी बसली, लोंबतं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, "चला."

त्यानंतर पूल होईपर्यंत ती दहा वर्षं त्या डोंग्यातून गेली-आली. दर खेपेला बसायच्या आधी टोक ओढायची. तिचं पाहून बाकीच्या बाया ओढायला लागल्या, मग पोरंही. रतनसिंग कधी कुणावर वैतागला नाही. शंभरदा सुटली तर शंभरदा बांधायचा. पुढं डोंगा मोडीत निघाला आणि जिवनबाईनं मला तुमच्या शाळेत आणून दिलं.

तुमच्या व्हरांड्यात आग विझवायची वाळूची लाल बादली टांगलेली मी रोज बघते. तिच्या कडीला तार गुंडाळली आहे, कुणी चोरू नये म्हणून. गुरुजींना तिचा अभिमान आहे. पाहुणे आले की ते तिच्याकडं बोट दाखवतात, आणि बादलीही खुशीत असते. मी तिला चांगली ओळखते. मीही तशीच होते.

मित्रांनो, माझ्यावरून उतरा आता. उड्या नंतर मारा. आधी जा आणि ती तार तुमच्या हातानं सुटते का बघा.