चौदा भांड्यांची तहान

चिनी मातीची भांडी चौदा; सर्वांत मोठं तोंडाशी साडेपाच इंच, सर्वांत लहान अडीच. बांबूच्या काड्या दोन. चौरंग एक. कडी लावलेला रॉकेलचा डबा एक, त्यात नळाचं पाणी, निम्म्याला जरा कमी. हे सगळं मांडवाबाहेर, कनातीपासून सहा हात लांब, वैशाखाच्या उन्हात. आत सावलीला खुर्च्या साठ, गाद्या आठ, पाण्याचे रांजण तीन आणि प्रत्येक रांजणावर पितळी फुलपात्र.

१९३३ सालची गोष्ट. सोलापुरातल्या एका संगीत मंडळानं ठराव केला होता की कलेला जात नसते. म्हणून येडू होलाराला जलतरंग वाजवायला बोलावलं. कलेला नसली तरी चौरंगाला असते, म्हणून चौरंग बाहेर मांडला.

येडू मूळचा मैंदर्गीचा. होलार म्हणजे वाजंत्री जात; वाजवायला चालते, शिवायला नाही. बाप देवळाच्या पायरीखाली सनई वाजवायचा, आणि येडू सातव्या वर्षापासून त्याच्यामागं सूर धरायचा. सोलापुरात आला तो गिरणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला. पुढं मूक सिनेमाच्या पडद्याखाली हातानं पेटी आणि पायानं झांज. मग नाटक कंपनीत ऑर्गन, दिलरुबा, तबला, जे पडेल ते. कंपनीच्या तीन नाटकांना त्यानं चाली बांधल्या. जाहिरातीत नाव छापलं मालकाच्या मेहुण्याचं. बोलपट आले, कंपनी बुडाली आणि येडू पुन्हा लग्नाच्या वरातीत गेला.

मी पुण्याहून बी. एस्सी. होऊन हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो आणि त्याच्याकडे क्लॅरिनेट शिकायला जात होतो. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला. "दोन मास्तर आन् शाळा एकबी न्हाय," असं म्हणून तो हसायचा.

शाळा आता निघणार होती. जूनपासून मंडळाचे संगीतवर्ग सुरू व्हायचे होते, आणि वाद्यशिक्षक कुणाला नेमायचं ते त्या दिवशीच्या वादनावर ठरणार होतं. येडूनं त्यासाठी भीमपलासात नवी गत बांधली होती. भवानी पेठेतल्या मागावर धोटा जातो-येतो, तशी तिची चाल.

"चाल माजी हाय, तर नाव बी माजंच घ्या म्हनावं. येवडंच," तो म्हणाला होता.

कार्यक्रम तीनचा. येडूनं त्याआधी भांडी मंडळाच्या पेटीशी मिळवून घेतली. पाणी वाढवलं की भांड्याचा स्वर उतरतो, कमी केलं की चढतो. शेवटचे थेंब तो करंगळीनं सोडत होता. तीन वाजता चौदाही स्वर पेटीत असे मिसळले की भांडं कुठलं आणि पेटी कुठली ते मला सांगता येईना.

अध्यक्ष आले नाहीत. ते निवृत्त न्यायाधीश. चारला निरोप आला की आमरसाचं जेवण झालंय, साहेब जरा पडलेत. येडू उन्हात बसून राहिला. उठून सावलीला यायचं तर कुणाच्या सावलीला?

पाचच्या सुमारास मंडळाच्या गड्यानं, सिदूनं, धूळ बसावी म्हणून मांडवापासून रस्त्यापर्यंत पाणी शिंपलं. रांजणातलं पिण्याचं पाणी कसं शिंपायचं? बाहेर डबा दिसला, त्यातलं शिंपलं. धुळीला विटाळ होत नाही.

येडूनं शेवटच्या भांड्यावर काडी टेकवली. मग त्याच्या शेजारच्या.

"उन्हानं पानी उडालं, समदी चढल्यात मास्तर. ल्हान तर लई चढल्यात."

"मग बाकीच्यांतलं थोडं काढून सगळीच वर न्या."

"पेटी वर जाती व्हय? पानी पायजे."

त्याचा डबा कोरडा होता, आणि होलारांचा नळ पाऊण कोसावर. मी आत जाऊन फुलपात्र भरलं आणि बाहेर निघालो. मंडळाचे चिटणीस चिंतामणराव आडवे आले.

"वेणीमाधव, पाणी कुठं चाललं?"

"भांड्यांत घालतो."

"त्याच्या भांड्यांत? धारेनं फुलपात्र बाटेल, फुलपात्रानं रांजण. मंडळींनी प्यायचं काय?"

"ठराव केलात ना?"

"ठराव कलेचा केला. पाण्याचा नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "त्याला तहान लागली असेल तर वरून ओंजळीत घाल. तहान भागवणं हा धर्म आहे. पण वाद्याला कसली तहान?"

ओंजळीत पडणाऱ्या धारेनं फुलपात्र बाटत नाही आणि चिनी मातीत पडणाऱ्या धारेनं बाटतं, हे पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही.

येडूनं सगळं ऐकलं होतं. "लागली की तहान," म्हणत त्यानं ओंजळ पुढं केली. मी वरून धार धरली. तो प्याला नाही. ओंजळ सांभाळत चौरंगाशी गेला आणि सर्वांत लहान भांड्यात थेंब थेंब सोडत राहिला. मग काडी टेकवून ऐकलं.

"ह्येची भागली. आता शेजारच्याला लागलीया," तो म्हणाला.

खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. चिंतामणराव लाल झाले. "भर सभेत थट्टा? वेणीमाधव, ते फुलपात्र आता रांजणाला लावायचं नाही. घेऊन जा घरी!"

तेवढ्यात मोटारीचा हॉर्न वाजला आणि सगळे उठून उभे राहिले. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"हं, सुरू कर," चिंतामणराव येडूला म्हणाले.

गत सुरू झाली. सर्वांत लहान भांड्याचा वरचा षड्ज पेटीशी नेमका मिळत होता. बाकीचा एकही स्वर ना पेटीशी मिळत होता ना त्या षड्जाशी. न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कोण?"

"वाजंत्री आहे, साहेब. उत्साह आहे, पण स्वर कच्चा."

येडूला ते ऐकू गेलं असणार. अंतर सहाच हात होतं. त्यानं एकही मात्रा न गाळता गत पुरी केली आणि काड्या खाली ठेवल्या. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. वाद्यशिक्षक म्हणून करमाळ्याच्या एका कीर्तनकाराचा भाचा नेमला गेला. त्याला पेटी येते.

मी त्याच संध्याकाळी चिंतामणरावांना गाठलं. "स्वर कच्चा नव्हता. पाणी कमी होतं."

"किती? दोन थेंब? तुम्ही शास्त्रवाले ना? मग पुरावा आणा. पाणी खरंच तेवढं उडत असेल तर पुन्हा ऐकू त्याला."

दुसऱ्या दिवशी शाळेतली मोजनळी घेऊन मी येडूच्या अंगणात गेलो. त्याची बायको नागव्वा नळावरून आलेली. डबा टेकवत म्हणाली, "पानी मोजाया आलाय व्हय? त्ये काल द्यायचं हुतं."

"मोजू दे की," येडू म्हणाला.

तीच भांडी, तेच ऊन. माझ्या पेटीशी काळी एकमध्ये मिळवून तीन ते पाच चाळीस उघड्यावर ठेवली. मग प्रत्येक भांड्यात मोजनळीनं पाणी सोडत गेलो, आणि स्वर पेटीशी मिळाला की येडू "बास" म्हणायचा.

सर्वांत लहान भांड्याला नऊ घनसेंटिमीटर पाणी लागलं. चौदा भांड्यांना मिळून तीनशे बारा. मंडळाच्या त्या एका फुलपात्रात तीनशे ऐंशी मावतं.