बेट न पाहिलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे, भिंत रंगवायचाही नव्हे. राष्ट्रीय उद्यानाच्या बेटाकडे जिथून होड्या सुटतात, त्या धक्क्यावर मला एका फळीला ठोकलेलं आहे. माझ्यावर बुटांचे तळ घासायचे आणि मगच होडीत पाय ठेवायचा, असा तिथला नियम. इकडची एक बी तिकडे रुजली तरी बेटाचं वाटोळं होईल, असं आमच्या राखणदार ताई सांगत.

बेट मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते परतणाऱ्या बुटांवरून कळलं. संध्याकाळी माणसं उतरायची आणि सवयीने पुन्हा माझ्यावर पाय घासायची. माझ्या काथ्याच्या केसांत गार वाळू पडायची, शिंपल्यांचा चुरा, कधी पांढरं पीस. एकदा एका आजोबांच्या टाचेला कासवाच्या अंड्याचं मऊ टरफल चिकटून आलं होतं. त्या एवढ्याशा ऐवजातून मी मनातल्या मनात बेट रचत बसायचो. उघड्या वाळूत अंडी घालणारे सुरय पक्षी, ऊन खात पडलेली कासवं, तिरके पळणारे खेकडे.

ताई सगळ्यांना दटावायच्या, "साहेब, टाचसुद्धा." साहेब हसत घासायचे. ताई स्वतः मात्र दोर सोडायच्या घाईत रोज मला ओलांडून होडीत उडी मारायच्या. मी पडलो ब्रश, मी काय बोलणार?

एके दिवशी त्या परतल्या आणि धक्क्यावरच मटकन बसल्या.

"काय झालं ताई?" नावाड्याने विचारलं.

"बेटावर गोखरूचं काटेरी तण उगवलंय. पक्ष्यांची निम्मी वाळू झाकून टाकलीय. यंदा तिथे एकही अंडं नाही."

"पर्यटकांचंच काम, दुसरं कोणाचं?"

"पर्यटक तिकडे जातच नाहीत. बेटावरच्या माझ्या खोलीपासून, माझ्याच पायवाटेने पसरलंय ते."

त्यांनी बूट उलटा केला. टाचेच्या खाचेत एक काटेरी बी रुतलेली होती. ताई रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.

पुढची दोन वर्षं त्या हाताने गोखरू उपटत राहिल्या, आणि रोज सगळ्यांच्या आधी माझ्यावर बूट घासत राहिल्या. तिसऱ्या वर्षी पक्षी परतले. तोवर माझे केस झिजले होते. माझ्या जागी नवा ब्रश आला, तेव्हा मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात. पण ताईंनी मला उचललं.

"इतकी वर्षं राबलास. चल, तुला बेट दाखवते."

मी होडीत बसलो, मित्रांनो! पाणी हळूहळू हिरवं होत गेलं. दूर वाळूची फिकट रेघ दिसली. तिच्यावरून पांढरं काहीतरी एकदम उठलं, हवेत वळलं आणि पुन्हा अलगद खाली बसलं. ते सुरय होते. मी मनात रचले होते त्याहून कितीतरी जास्त.

तेवढ्यात माझ्यावरून फिरणारं ताईंचं बोट थांबलं. माझ्या केसांच्या मुळाशी गोखरूच्या बिया होत्या, एक-दोन नव्हे, मूठभर. एवढ्या वर्षांत मी जे जे अडवलं, ते माझ्यातच साठलं होतं.

"होडी वळव," त्या नावाड्याला म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस रे."

मी नाही रागावलो. मला बेट पाहायचं होतं, त्याचा घास घ्यायचा नव्हता.

आता मी धक्क्याच्या दुसऱ्या कडेला आहे, परतीच्या वाटेवर. मित्रांनो, तुम्ही बेटावर निघाल तेव्हा नव्या ब्रशावर तळ नीट घासा. टाचसुद्धा. आणि परत आलात की घाई करू नका. जरा वेळ माझ्यावर उभे राहा, आणि बुटाला लागलेली वाळू माझ्यासाठी ठेवून जा.