दाराएवढी नांगी

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, मला ठाऊक आहे. माझ्या बायकोचाही कधी बसला नाही, आणि तिनं तर माझ्याशी लग्न करण्याइतका विश्वास टाकला होता. तरी सांगितलं, कारण विचारणारी माझी पुतणी होती.

ती लॉबस्टरच्या शेडमध्ये कामाला आहे. हौदातून एकेक उचलायचा, नांग्यांना रबर चढवायचं, नर एका क्रेटमध्ये, मादी दुसऱ्यात. पोटाखाली अंडी दिसली की परत समुद्रात. समोर वहिनी जाळं सांधत बसली होती.

"काका, बाबा कसे गेले ते सांगा," पुतणी मान वर न करता म्हणाली. "आज खरं सांगा. मी आता लहान नाही."

"होडीत आम्ही दोघंच," मी म्हणालो. "पिंजरा ओढला, तर त्याला बाहेरून मिठी मारून ही मादी. आत मावेल कशी? एकेक नांगी या दाराएवढी. शेपटीखाली अंडीच अंडी. दादाला दया आली. म्हणाला, लेकुरवाळी आहे, जाऊ दे तिला. सोडवायला वाकला, तर तिनं मनगट धरलं आणि गेली की घेऊन. दयेपायी गेला गं तुझा बाप."

वहिनीचा हात थांबला.

"मागच्या खेपेला नांगी उशीएवढी होती," पुतणी म्हणाली.

"वाढली असेल."

"तीच तर वाढत नाही, काका. अंडी पोटाशी असेपर्यंत मादी कवच टाकत नाही, आणि कवच टाकल्याशिवाय वाढ कुठली? अंगातलं सगळं अंड्यांना जातं. शेपटी तेवढी रुंद होते, नांगी बेताचीच. दांडग्या नांग्या नरांच्या. खायचं, कवच टाकायचं, फुगायचं."

"घरोघरी मातीच्या चुली," वहिनी पुटपुटली.

मी हसलो. एकटाच.

"मग नर असेल बाई. पाण्यात कुठं नीट दिसतंय."

"नराच्या पोटाखाली अंडी?"

तिनं हातातला लॉबस्टर हौदात सोडला, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"काका, बाबांचे बूट तुम्हीच घरी आणून दिलेत. मोजे नीट घडी करून आत ठेवलेले. ओढून नेलेला माणूस आधी बूट काढतो का? कोरडे होते ते. बाबा आपणहूनच गेले ना?"